आयटीआय केली म्हणजे बारावी झाली का? दहावीनंतरच्या दोन वाटांचा हिशेब

मार्गासनी : दहावीचा निकाल लागला की नसरापूर-वेल्हे रस्त्यावरच्या गावांत एकच चर्चा असते, पोराला अकरावीला घालायचे की आयटीआयला. "आयटीआय म्हणजे बारावीच की," असे अनेक जण ठोकून देतात. ते अर्धेच खरे आहे.

दहावीनंतर इलेक्ट्रिशियन किंवा फिटरसारखा दोन वर्षांचा ट्रेड पास केला, तरी बारावीचे प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. त्यासाठी राज्य शिक्षण मंडळाकडे वेगळा अर्ज करून भाषा विषयांची परीक्षा द्यावी लागते. बाकीचे गुण आयटीआयमधून वर्ग होतात. मंडळाच्या भाषेत हेच 'ट्रान्सफर ऑफ क्रेडिट'. हा अर्ज राहिला की घोटाळा होतो. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते, तिथे नुसते ट्रेडचे प्रमाणपत्र दाखवून भागत नाही.

उलट बाजूही आहे. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनची आयटीआय लागते. रेल्वेच्या सहाय्यक लोको पायलट भरतीत दहावीसोबत आयटीआय किंवा डिप्लोमा मागतात. तिथे कोरी बारावी कितीही टक्क्यांची असो, उपयोग शून्य.

पुढे शिकायचे असेल तर दोन्ही वाटा एका ठिकाणी येऊन मिळतात. बारावी सायन्सवाल्याला पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तसाच तो दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्यालाही मिळतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगचेही थेट दुसरे वर्ष. मात्र वेल्डरसारखा एक वर्षाचा ट्रेड यात धरत नाहीत. लवकर कमाई सुरू होते म्हणून तो घेणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवलेले बरे.

परीक्षाही सारखी नाही. बोर्डात ३५ टक्क्यांना पास, तर आयटीआयच्या प्रात्यक्षिकात ६० टक्के लागतात. हात चालला नाही तर पाठांतर कामाला येत नाही.

आयटीआयनंतर १९६१ च्या कायद्याखाली कंपनीत अप्रेंटिसशिप करता येते. ती संपल्यावर परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. काही भरत्यांत त्याला वेगळे वजन असते, त्यामुळे ती मध्येच सोडू नये.

प्रवेश घेताना ट्रेडची मुदत आणि प्रमाणपत्र एनसीव्हीटीचे की एससीव्हीटीचे, एवढे तरी संस्थेत विचारून घ्यावे.