औषधाचे नाव आणि औषधाचा दाम

पावसाळा तोंडावर आला म्हणजे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील वाळपईच्या बाजारात गावठी जिनसांच्या ओळीत कुड्याच्या सालीची एखादी जुडी अजूनही दृष्टीस पडते. ही करडी, खडबडीत, कडूजहर साल आव पडू लागली की ताकात उगाळून द्यावी, हे सत्तरीच्या घराघरांत ठाऊक असे, आणि जे घरात ठाऊक नसे त्यासाठी माणूस वैद्याचे अंगण गाठी. हा वैद्य दाम घेत नसे, कारण पैसा घेतला तर हातचा गुण जातो अशी दृढ समजूत होती. विडा, नारळ, फार तर पायलीभर भात, एवढ्यावर तो संतुष्ट असे. मात्र मुळीचे नाव तो कोणास सांगत नसे. कुटून भुकटी केली की तिची ओळखच पुसली जाई, आणि ती विद्या कित्येकदा वैद्याबरोबरच सरणावर जाई. औषध फुकट, पण नाव गुप्त, असा तो व्यवहार होता; त्याचे गोडवे गाताना हा उत्तरार्ध आपण सोयीस्करपणे विसरतो.

नावाचा पडदा दूर करण्याचा उद्योग गोव्यातच पूर्वी एकाने आरंभिला होता. १५६३ साली येथे छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात गार्सिया द ऑर्त या पोर्तुगीज वैद्याने एकेका वनौषधीची अरबी, पोर्तुगीज व देशी नावे ताडून पाहिली आणि देशी वैद्यांच्या अतिसारावरील उपायांची मोकळेपणी वाखाणणीही केली. दैवदुर्विलास असा, की वनस्पतींच्या खऱ्या नावांचा हट्ट धरणाऱ्या या पुरुषाला स्वतःचा यहुदी धर्म जन्मभर लपवावा लागला, आणि मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. पुढे १६१८ च्या फर्मानाने गोवा शहरातील हिंदू वैद्यांची संख्या तिसांवर रोखली गेली. सत्तरी तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर होती. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज दफ्तरात दाखल झाली, आणि १८४२ मध्ये पणजीस वैद्यकशाळा निघाल्यावर परवानाधारक औषधविक्रेत्यांचा वर्ग उदयास आला.

गोवामुक्तीनंतर भारताचे कायदे येथे लागू झाले. १९७० च्या पेटंट कायद्याने, जो १९७२ पासून अमलात आला, औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी काढून केवळ कृतीवर ठेवली. तेव्हा तोच पदार्थ निराळ्या कृतीने करणारे कारखाने निघाले आणि दर उतरले. परंतु प्रत्येक कारखान्याने आपापले नाव ठेवले, आणि गिऱ्हाईक त्या नावाचीच किंमत मोजू लागले. वैद्यकीय आचाराच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांनी शक्यतो औषधाचे मूळ नाव लिहावे असे सुचविले, २००८ पासून मूळ नावाची औषधे विकणारी जनऔषधी दुकाने उघडली. तरी चिठ्ठीवर अजून बहुधा कारखान्याचेच नाव उतरते.

गेल्या वर्षी वाळपईतील एका दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी हाती धरून बसलेली एक म्हातारी पाहिली. पट्टीवरच्या ठळक नावाखालचे लांबलचक, अडखळवणारे अक्षर नखाने दाखवीत ती तरुण डॉक्टराला तेच लिहायला सांगत म्हणाली, “हें बरय, पुता. वयलें नांव नाका.”