लोणावळा–खोपोली जलविद्युत् योजना
पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील पावसाच्या पाण्यावर चालणारी, भारतातील आरंभीच्या मोठ्या जलविद्युत् योजनांपैकी एक. मुंबईच्या कापडगिरण्या पूर्वी वाफेवर चालत. त्यांचा कोळसा दुरून आणावा लागे व धुराचा उपद्रवही मोठा होता. डेव्हिड गॉसलिंग यांची जलविद्युतेची कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. मात्र कंपनी त्यांच्या निधनानंतर, १९१० मध्ये स्थापन झाली. लोणावळा, वळवण व शिरवता येथील तलावांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचे पाणी साठवून ते नळांवाटे सु. ५०० मी. खाली खोपोलीच्या वीजगृहात सोडण्यात आले. १९१५ मध्ये गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे आंद्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण होऊन भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले (१९२२).

कोळसा वाचला, तरी ही वीज फुकटची नव्हती. मुळात पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाणारे हे पाणी पश्चिमेस वळले. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाते. जमिनींचा प्रश्न त्याहून बिकट ठरला. शेजारच्या मुळशी खोऱ्यातील धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला व सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. धरण थांबले नाही. गावे पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले.