अगस्त्यकूटम: रानातलं फळ, लॅबमधलं औषध आणि संमतीचा प्रश्न

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी आपण ‘पूर्वसूचित संमती’ची व्याख्या पाठ करतो. म्हणजे, ज्यांच्याकडून माहिती घ्यायची त्यांना आधी सगळं नीट सांगायचं आणि मगच होकार घ्यायचा. व्याख्या सोपी आहे. पण होकार नक्की कुणाचा घ्यायचा? हा प्रश्न किती अवघड आहे ते बघायचं असेल, तर अगस्त्यकूटमचा इतिहास वाचा.

अगस्त्यकूटम हे पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडचं, केरळ-तमिळनाडू सीमेवरचं १८६८ मीटर उंचीचं शिखर. आपल्याकडे अकोल्याला अगस्ती ऋषींचा आश्रम दाखवतात, तसं तिकडे हे शिखर त्यांचं स्थान मानलं जातं. तमिळ सिद्ध वैद्यकाची परंपराही स्वतःचं मूळ अगस्त्यांपर्यंत नेते. आज वनखात्याचा परवाना काढून ट्रेकर्स बोनाकाडहून वर जातात. डोंगराच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या काणी आदिवासींसाठी मात्र हे शिखर पवित्र आहे.

डिसेंबर १९८७ मध्ये डॉ. पी. पुष्पांगदन यांच्यासोबत शास्त्रज्ञांचा एक गट या जंगलात फिरत होता. आदिवासींच्या वनस्पतीज्ञानाची नोंद करणाऱ्या एका अखिल भारतीय प्रकल्पाचं हे काम होतं. चढताना शास्त्रज्ञ दमले, वाटाडे काणी मात्र ताजेतवाने. ते मधूनमधून एक छोटं फळ खात होते. विचारल्यावर त्यांनी आधी सांगायचं टाळलं, कारण ही माहिती बाहेर द्यायची नसते. बऱ्याच मनधरणीनंतर त्यांनी झाड दाखवलं: आरोग्यपच्चा, ट्रायकोपस झेलॅनिकस.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या वनस्पतीचं शास्त्रीय नाव अठराव्या शतकातच ठेवलं गेलं होतं. तेव्हा नाव विज्ञानाकडे होतं, पण उपयोग काण्यांना ठाऊक होता. त्यामुळे ‘शोध कुणी लावला?’ याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

पुढे तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने या वनस्पतीवर काम केलं. काणी फळं खायचे. संस्थेने पानं वापरली आणि इतर तीन वनस्पती मिसळून ‘जीवनी’ हे औषध तयार केलं. कोइम्बतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांचा परवाना दिला गेला: १० लाख रुपये शुल्क आणि २ टक्के रॉयल्टी. यातला निम्मा वाटा काण्यांना द्यायचं ठरलं. त्यासाठी १९९७ मध्ये काण्यांच्या ट्रस्टची नोंदणी झाली आणि १९९९ मध्ये पाच लाखांहून थोडी जास्त रक्कम ट्रस्टकडे आली. आपला जैवविविधता कायदा २००२ चा. म्हणजे कायदा नसतानाच हा वाटा देण्यात आला! म्हणूनच जगभर लाभवाटपाचं उदाहरण म्हणून ही केस शिकवली जाते.

पण एवढ्यावर थांबलात तर अर्धीच गोष्ट कळेल. काण्यांमध्ये औषधाचं ज्ञान सांभाळणारे वैद्य असतात, त्यांना प्लाथी म्हणतात. त्यांच्यापैकी काहींनी १९९५ मध्येच मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून हे ज्ञान खासगी कंपनीला विकण्याला विरोध केला होता. म्हणजे वाटाड्यांनी झाड दाखवलं, तो सगळ्या समाजाचा होकार नव्हता. दुसरी अडचण पानांची. झाड वाढतं राखीव जंगलात, आणि तिथून पानं गोळा करण्याला वनखात्याने हरकत घेतली. बाहेर लागवड करावी, तर नैसर्गिक अधिवासाबाहेर त्यात तेच गुण उतरत नाहीत. परिणाम? ज्या ज्ञानासाठी रॉयल्टी ठरली, त्यासाठी लागणारा कच्चा मालच पुरेसा मिळेना.

तुम्ही फील्डवर्कचा प्रस्ताव लिहिणार असाल, तर या केसमधून तीन प्रश्न आपल्या वहीत उतरवून ठेवा. माहिती देणारी व्यक्ती स्वतःपुरतं बोलतेय की समाजाच्या वतीने, आणि तो अधिकार तिला कुणी दिला? ती माहिती सांगण्यावर समाजात काही बंधन आहे का? आणि ज्या जंगलातून नमुना येणार, त्यावर कायद्याने हक्क कुणाचा?

या प्रश्नांची उत्तरं संमतीपत्रकावरच्या एका सहीत मिळत नाहीत. त्यासाठी गावात पुन्हापुन्हा जावं लागतं, वेळ लागतो, कधी विषयही बदलावा लागतो. म्हणून प्रस्तावाच्या वेळापत्रकात या कामासाठी वेगळे महिने धरा.