जुनी बोट, नवी लाकडं

1892च्या हिवाळ्यात जोशुआ स्लोकम हा पन्नाशीकडे झुकलेला कप्तान बॉस्टनमध्ये काम शोधत होता. त्याचं सगळं आयुष्य शिडाच्या जहाजांवर गेलं होतं आणि समुद्रावर आता वाफेच्या जहाजांचं राज्य आलं होतं. अशात जुन्या ओळखीच्या एका कप्तानाने त्याला जहाज देऊ केलं. फेअरहेवनला येऊन घेऊन जा, फक्त थोडी दुरुस्ती लागेल, असं त्याचं म्हणणं.

मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावी स्लोकम पोचला, तर जहाज कुठे, तर शेतात! 'स्प्रे' नावाची, एका डोलकाठीची, जुनीपुराणी बोट टेकू लावून कॅनव्हासखाली झाकून ठेवली होती. सात वर्षं तिचं काय करणार म्हणून गावाने मालकाची थट्टा केली होती. आता पाळी स्लोकमची होती. बोट मोडणार नाही, पुन्हा बांधणार, हे ऐकल्यावर जो तो विचारू लागला की हे परवडणार का. परवडेल असं मी करीन, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मार्च बराच पुढे सरकला तेव्हा, थंडी अंगात असतानाच, काम जोरात सुरू झालं. कीलसाठी, म्हणजे बोटीच्या तळातल्या कण्यासाठी, त्याने जवळचाच एक दणकट ओक तोडला. बरगड्यांसाठी ओकची सरळसोट कोवळी झाडं आणली, ती तासून पेटीत वाफवली आणि मऊ झाल्यावर ओंडक्यावर वाकवून बांधून ठेवली. ज्या वाफेने त्याची रोजीरोटी नेली, तीच इथे त्याच्या बरगड्या वाकवत होती.

बरगड्या उभ्या राहतात न राहतात तोच सफरचंदाची झाडं फुलली. मग डेझी आल्या, मग चेरी. पलीकडच्या न्यू बेडफर्डहून देवमाशांच्या शिकारीवर आयुष्य काढलेले म्हातारे कप्तान पूल ओलांडून येत आणि सल्ले देत. त्यांच्या आर्क्टिकच्या गोष्टी ऐकून स्लोकमने बोटीच्या नाकाला आतून दुहेरी आधार दिले, बर्फ आला तरी टिकावी म्हणून. रिकामटेकडी वाटणारी ही माणसं खरं तर त्या बोटीची जिवंत कागदपत्रं होती. जुना कोड हातात आल्यावर आम्ही इंजिनिअर अशीच माणसं शोधतो, आणि ती बहुधा नोकरी सोडून गेलेली असतात.

कणा, बरगड्या, फळ्या, सगळं एकेक करत बदललं. फळ्या जॉर्जियातल्या पाइनच्या, दीड इंच जाडीच्या. त्यांच्या फटींत कापूस ठोकताना येणारेजाणारे हमखास चूक काढत. लाटांचा मार चुकवायला त्याने बाजू मधोमध 12 इंच, पुढे 18 आणि मागे 14 इंच उंच केल्या. बोट पाण्यात उतरली तेव्हा साहित्याचा खर्च 553 डॉलर 62 सेंट झाला होता, आणि श्रम स्वतःचे, 13 महिन्यांचे. ती पाण्यावर उभी राहिली ते मात्र जुन्याच, गंजून खाल्लेल्या नांगरावर.

मग ही जुनी स्प्रे की नवी? स्लोकमने यावर फार डोकं शिणवलं नाही. दुरुस्त होत होत पूर्ण नवं झालेलं जहाजही आपल्या मूळ नावाचंच राहतं, हा दर्यावर्दी जगातला नियम त्याला पुरेसा होता.

24 एप्रिल 1895ला तो बॉस्टनहून एकटाच निघाला. दुरुस्ती प्रवासातही संपली नाही. ब्युनोस आयर्सला त्याने डोलकाठी सात फुटांनी कापली, पुढे मागच्या बाजूला एक छोटं शीड वाढवलं. या मेहनतीचं सुख हिंदी महासागरात मिळालं. थर्सडे आयलंड ते कीलिंग बेटं, 2700 मैल, 23 दिवस, आणि सुकाणूवर त्याने जेमतेम तीन तास घालवले. बोट आपली आपण मार्ग धरून चालली होती. कीलिंगला पुढचा ओकचा वासा एका पोवळ्याच्या खडकावर आदळला. खडक दुभंगला, वाशावर ओरखडाही नाही. 27 जून 1898ला न्यूपोर्टला परतला तेव्हा 46,000 मैल झाले होते आणि एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस ठरला होता. 1900 साली त्यावरचं त्याचं पुस्तक आलं आणि गाजलं. परवडलं म्हणायचं.

पण बोटीला वसंत दरवर्षी लागतो. शेवटच्या वर्षांत स्लोकमही थकला होता आणि बोटीची निगाही पूर्वीसारखी राहिली नव्हती. तशाच बोटीतून तो एकदा दक्षिणेकडे निघाला आणि परत आला नाही. त्या 13 महिन्यांतलं एकही लाकूड आज कुणाच्या हाती नाही. तिच्या आकारावरून मात्र जगभर कितीतरी बोटी बांधल्या गेल्या, आणि त्यांतल्या अनेकांचं नाव स्प्रेच आहे.