तापीच्या मुखाशी

दिवाळीची सुट्टी लागली की नंदुरबार-नवापूरकडची मंडळी तापी व्हॅलीच्या गाडीने आमच्याकडे सुरतेस उतरतात. पहिला दिवस कापडबाजारात जातो. दुसरा उधना-लिंबायतकडच्या नातेवाइकांकडे. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कोणीतरी हमखास विचारते, "सुरतेला समुद्र आहे म्हणतात, तो असतो कुठे?"

प्रश्न रास्त आहे. पुस्तकातली सुरत म्हणजे मोठे बंदर; प्रत्यक्षात शहरात फिरणाऱ्याला समुद्राचा वाससुद्धा येत नाही. चौकबाजारातल्या जुन्या किल्ल्याखाली वाहते ती तापी. समुद्र पाहायचा तर नदीच्या डाव्या अंगाने वीसेक किलोमीटरवर डुमसला जायचे, नाहीतर पूल ओलांडून हजिऱ्याच्या वाटेने सुवाली गाठायची.

चाळीस वर्षे मी पाहुण्यांना या दोन किनाऱ्यांवर नेतो आहे. गोवा किंवा गणपतीपुळे पाहून आलेल्यांची प्रथम निराशाच होते. निळे पाणी नाही, माडांची रांग नाही. पाणी गढूळ, वाळू काळी, आणि ओहोटीला गेलात तर समुद्र इतका मागे सरकलेला की त्याच्यापर्यंत चिखल तुडवत जावे लागते. एकदा माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी डुमसची चिमूटभर वाळू तळहातावर घेतली आणि विचारले, "आठली रेती काई कशी शे रे भाऊ?" मी म्हटले, "मावशी, ती तुमच्याकडूनच आलेली आहे." त्यांना वाटले मी थट्टा करतो.

थट्टा नव्हती. मुलताईला उगम पावलेली तापी भुसावळवरून, प्रकाशेवरून येताना खानदेशचा काळा कातळ झिजवत येते. त्या दगडातले लोहयुक्त कण जड असतात, ते मुखाशी किनाऱ्यावर पडून राहतात. लोहचुंबक फिरवला तर वाळू मिशांसारखी चिकटून वर येते. मुलांना या खेळाचा कधी कंटाळा येत नाही. १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाल्यापासून बराचसा गाळ वरच अडतो, पण हजारो वर्षांची बेगमी इतक्यात कुठे संपायची? (या काळ्या वाळूवरून डुमसच्या भुतांच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांना टोमॅटोची गरम भजी खायला बसवतो. तोंड भरलेले असले की भुते येत नाहीत.)

या गाळातच इथल्या इतिहासाची किल्ली आहे. नदीचे मुख उथळ, आणि खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी जबर. उधाणाला पाणी वीस फुटांच्या वर चढते-उतरते. मोठ्या जहाजांना नदीतून किल्ल्यापर्यंत येणे अवघड होते. मुखाच्या उत्तरेला सुवाली गावासमोर मात्र समुद्रात वाळूची एक लांब दांडी होती. दांडी आणि किनारा यांच्यामधल्या खोल पाण्यात जहाजांना आडोसा मिळे. इंग्रज या जागेला 'स्वॅली होल' म्हणत. म्हणजे ज्या बंदरामुळे सुरतेचे नाव जगभर झाले, ते विलायती जहाजांपुरते तरी सुरतेत नव्हतेच. ते होते या उघड्या वाळूवर.

१६०८ च्या ऑगस्टमध्ये 'हेक्टर' जहाजातून विल्यम हॉकिन्स तापीमुखाशी आला. १६१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात याच पाण्यात थॉमस बेस्टच्या दोन जहाजांनी पोर्तुगीजांच्या चार मोठ्या गलबतांशी झुंज दिली. लढाई म्हणून ती काही फार मोठी नव्हे, पण समुद्रावर पोर्तुगीजांना अडवणारा कोणी आहे, हे मोगल अधिकाऱ्यांनी जवळून पाहिले आणि इंग्रजांच्या सुरतेतल्या वखारीचा पाया घातला गेला. जहांगीर बादशहाच्या दरबारी निघालेला वकील टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात उतरला तोही इथेच. आज त्या जागी उभे राहून हे सांगितले की पाहुणे आधी वाळूकडे आणि मग माझ्याकडे बघतात.

मला स्वतःला लढायांपेक्षा इथल्या बाजाराची वर्णने जास्त आवडतात. पावसाळा सरून जहाजे लागली की या किनाऱ्यावर तंबू आणि बांबूची दुकाने उभी राहत. सुरतेचे वाणी माल घेऊन येत. सुती कापड, नीळ, खंभातचे अकीक. आणि बोटीवरचे कंटाळलेले खलाशी काय दिसेल ते घेत. जहाजे गेली, पावसाळा तोंडावर आला, की पुन्हा सामसूम. आपल्याकडच्यांना समजावून सांगायला मी सारंगखेड्याचा दाखला देतो. तिथेही दत्तजयंतीच्या यात्रेला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, आठवडे गजबज असते, मग रान मोकळे. नदी तीच, फक्त एका टोकाला घोडे विकले जात आणि दुसऱ्या टोकाला जहाजे भरली जात.

पोटापाण्यासाठी नव्हे तर निव्वळ पाहण्यासाठी या वाळूवर उतरलेला एक माणूस मला विसरता येत नाही. त्याचे नाव प्येत्रो देल्ला व्हाल्ले, मूळचा रोमचा. इटलीच्या दक्षिणेला नेपल्समध्ये त्याचा मारिओ स्किपानो नावाचा वैद्य मित्र होता. प्रवासातली सगळी हकिगत त्याने त्या मित्राला लांबलचक पत्रांतून कळवली. १६१४ मध्ये तो घराबाहेर पडला. तुर्कस्तान, इजिप्त, इराण पाहून १६२३ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या जहाजातून सुरतेस आला. बगदादेत लग्न केलेली त्याची बायको सित्ती मआनी १६२१ च्या डिसेंबरात इराणच्या किनाऱ्यालगत वारली होती. तिचे प्रेत मसाले घालून त्याने पेटीत ठेवले होते आणि ती पेटी सामानात लपवून तो बरोबर नेत होता. जहाजावर प्रेत आहे असे खलाशांना कळते तर त्यांनी ते राहू दिले नसते. असे ओझे बाळगणाऱ्या माणसाने सुरतेचा गोपी तलाव निरखून पाहावा, खंभातची देवळे पाहावीत, पुढे दमण, वसई, चौल करीत गोव्याला जावे, तिथून कर्नाटकात इक्केरीपर्यंत हिंडावे आणि सारे तपशीलवार लिहावे, याचे मला नवल वाटत आले आहे. बायकोला त्याने १६२७ मध्ये रोमला मूठमाती दिली. हौसेने देश पाहणे म्हणजे काय ते मला या इटालियनाकडून कळले. आपण मात्र दीड दिवसात गोवा उरकतो.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येतो. ती टाळून सुवालीची सहल पुरी होत नाही. तीनेक वर्षांमागे माझा नातू आणि नंदुरबारहून आलेला त्याचा आतेभाऊ वाळूत किल्ला करत होते. किल्ला म्हटल्यावर महाराज आलेच. आतेभाऊ म्हणाला, "आपण सुरत लुटली." माझा नातू इथे गुजराती शाळेत शिकतो. तो तटकन म्हणाला, "आपण नाही. आमचं सुरत तुम्ही लुटलंत." दोघेही घरात मराठीच बोलतात, एकाच आजीचा फराळ खातात. मग दोघांनी माझ्याकडे पाहिले.

मला ठाऊक होते ते मी सांगितले. शायिस्ताखान तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून होता, त्या काळात मुलूख उजाड झाला. सुरतेची जकात आणि पेढ्या हे मोगलांच्या तिजोरीचे बळ होते. महाराज १६६४ च्या ६ जानेवारीला घोड्यावरून आले, समुद्रातून नव्हे. सुभेदार इनायतखान लोकांना वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडला. इंग्रजांचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडेन याने याच सुवालीहून जहाजांवरचे खलाशी नेऊन वखार लढवली. कॅपुचिन पाद्र्याच्या घराला आणि डचांच्या एका मेलेल्या दलालाच्या घराला, तो दानधर्मी होता म्हणून, धक्का लावला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्नियेने नमूद केले आहे. आणि हेही सांगितले, की शहर जळाले, धनिकांना पकडून पैसा काढला गेला, गोरगरीब चीजवस्तू टाकून पळाले, आणि १६७० च्या ऑक्टोबरात पुन्हा तेच झाले. दोन्ही मुलांचे समाधान झाले नाही. माझेही पुरते झालेले नाही. सीमेवर राहणाऱ्याला दोन क्रमिक पुस्तके वाचावी लागतात, आणि एकातले पान दुसऱ्यात डकवता येत नाही.

डुमसची कथा निराळी, आणि तिच्यात आपले माणूस आणखी अनपेक्षित रीतीने येते. डुमस सचिन संस्थानात होते. सचिनचे नवाब म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातली एक शाखा! १७९१ मध्ये पेशव्यांनी बाळूमियां सिद्दीशी करार केला: त्याने जंजिऱ्यावरचा हक्क सोडावा, बदल्यात सुरतेजवळची ही गावे घ्यावीत. गावे गेली; जंजिरा दुसऱ्या सिद्द्यांच्या ताब्यात होता, तो पेशव्यांना मिळाला नाही तो नाहीच. महाराजांना आणि संभाजीराजांना जे पाण्यातले ठाणे दाद देईना, त्याच्यासाठी मोजलेली किंमत म्हणजे हे भज्यांचे डुमस. नवाबांचा इथे वाडा होता, आणि सुरतेचे हौशी लोक उन्हाळ्यात हवा खायला इथेच येत. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दर्याकाठच्या गणपतीला हात जोडून मी हा हिशेब सांगतो तेव्हा आमचे एक पुणेरी व्याही फार अस्वस्थ होतात.

हे किनारे इतकी वर्षे एकांतात राहिले त्याचे कारणही इतिहासच आहे. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस नेले, मोगलाई खचली, गाळ वाढत गेला, मोठी जहाजे मुंबईला जाऊ लागली. सुवालीवर कोळ्यांच्या होड्या आणि भरती-ओहोटी एवढेच उरले. मी प्रथम गेलो तेव्हा मैलभर चालले तरी माणूस भेटत नसे. १९८० नंतर हजिऱ्याला खताचे, वायूचे, पोलादाचे कारखाने उभे राहिले, पुढे बंदर झाले. म्हणजे ज्या पट्ट्यातून जहाजे गेली होती तिथेच ती परत आली. अलीकडे सुवालीवर सरकारी महोत्सव भरतो, डुमसला महापालिकेने किनारा सजवण्याचे काम काढले आहे. माणसांना बसायला बाक मिळणार याचा मला आनंद आहे, आणि तरी तो जुना मोकळेपणा हातातून निसटतो आहे हे वाटायचे राहत नाही.

गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा सुवालीवर ओहोटी होती. लांब कारखान्यांच्या धुरांड्यावर ज्योत दिसत होती आणि क्षितिजावर नांगरलेल्या जहाजांचे दिवे लागले होते. पाणी वळले तसे चहावाल्याने गाड्या मागे घ्यायला सांगितले. इथली भरती चालत नाही, धावत येते. जावईबापू हॉर्न वाजवत होते. दोघे भाऊ मागच्या सीटवर चढले ते भांडतच, एक मराठीत आणि एक गुजरातीत. लोहचुंबक कोणी ठेवायचा यावरून चालले होते.