परस, चव आणि इंधन : खानदेशातील भूजल-निरीक्षणाचा एक विचार

विहिरीच्या पाण्यावर लक्ष ठेवण्याची रीत खानदेशात जुनी आहे. परंतु हे लक्ष कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी ठेवले जात होते, याचा विचार क्वचितच होतो. कारखान्याच्या आवारातील टाकीतून झिरपणाऱ्या इंधनाचा शोध घ्यावयाचा झाल्यास ही जुनी रीत पुरी पडेल काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आरंभी भाषेची साक्ष घेऊ. विहिरीची खोली पूर्वी परसांत सांगत. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. पाण्याचा गुण सांगणारे शब्द गोड, खारे, मचूळ, सवळ असे; ते सारे जिभेचे आहेत. म्हणजे निरीक्षणाची साधने दोन : शरीराची उंची आणि जीभ.

१८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या खानदेश खंडात तालुकावार चालू विहिरींची संख्या व त्यांची खोली दिलेली आढळते. परसाची जागा फुटाने घेतली, पण प्रश्न तोच राहिला : पाणी किती खोल आहे? १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या काळात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली व निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत नोंदली जाऊ लागली. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांवर भर राहिला. हे स्वाभाविकच होते. यावल-रावेरच्या केळीबागांनी जेथे भूजलाचा अतोनात उपसा केला, तेथे ‘किती’ हाच पहिला प्रश्न असणार.

खनिज तेल या भाषेत निराळ्या वाटेने आले. रॉकेल आणि घासलेट हे दोन्ही शब्द इंग्रजीवरून घडले आणि दिवाबत्तीबरोबर घरात रुळले. पुढे डिझेल आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर जळगाव व धुळे येथेही औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. तेलाचे हे शब्द दुकानाचे, दिव्याचे व यंत्राचे. विहिरीच्या पाण्याचे वर्णन करण्याच्या कामी त्यांपैकी एकही आला नाही.

ही उणीव केवळ शब्दांची असती, तर तिची चर्चा भाषाशास्त्रापुरती राहिली असती. परंतु पेट्रोलमधील बेंझीन या कर्करोगकारक द्रव्याची पिण्याच्या पाण्यातील मार्गदर्शक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिलिटर १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. त्याची चव मात्र प्रतिलिटर सुमारे ५०० मायक्रोग्रॅमच्या पुढेच जाणवू लागते. म्हणजे जीभ सावध होण्यापूर्वी मर्यादा पन्नास पटींनी ओलांडलेली असते. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ मध्ये तेलवाहिनीच्या गळतीनंतर कूपनलिकांच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. नाकाने साक्ष दिली खरी, पण ती इंधन लोकांच्या पाण्यात उतरल्यानंतर.

केवळ पातळीची नोंदही अपुरी ठरते. पेट्रोल व डिझेल पाण्याहून हलके असल्याने भूजलाच्या पृष्ठावर तरंगतात. उन्हाळ्यात पातळी उतरली की तेलही तिच्याबरोबर उतरते व मातीच्या रंध्रांत चिकटते. पावसाळ्यानंतर पाणी चढले की त्याचा काही भाग पाण्याखाली अडकून राहतो. म्हणून खोलवरून उपसलेला एखादा नमुना निर्दोष निघाला, तरी निश्चिंत होता येत नाही. शिवाय या दोन जिल्ह्यांची भूमीही एकसारखी नाही. तापीकाठचा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा आहे. धुळ्याकडे बेसाल्टाच्या भेगांत शिलारस थिजून झालेल्या उभ्या भिंती, म्हणजेच डाइक, कोठे भूजल अडवतात, तर कोठे त्याला वाट देतात. अशा भिंतीच्या अलीकडील विहिरीवरून पलीकडील पाण्याविषयी अनुमान करणे धोक्याचे होय.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येतच भूगर्भातील पाण्याचा समावेश केला. कायद्याने शब्दाचा अर्थ असा विस्तारला, तरी निरीक्षणाची पद्धत आपोआप विस्तारत नाही. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने व १९८८ च्या नियमांनी भूमिगत टाक्यांच्या मालकांवरच गळती शोधण्याची जबाबदारी टाकली. लक्ष पिण्याच्या विहिरीवरून टाकीकडे वळले, हे त्यांतील मर्म होय. आपल्याकडील औद्योगिक आवारातही टाकीच्या वरच्या अंगाला एक व भूजल ज्या दिशेने वाहते त्या अंगाला किमान दोन निरीक्षण विहिरी असाव्यात. नमुना पाण्याच्या पृष्ठालगतचाही घ्यावा. मे व ऑक्टोबर या दोन्ही वेळी तो तपासावा.

मग जुन्या नोंदी निरुपयोगी ठरतात काय? तसे नाही. वर्षभरात पाणी कोठून कोठवर चढते-उतरते, हे त्याच सांगतात. आणि तेल मातीत नेमके त्याच पट्ट्यात दडून राहते. पातळीच्या या नोंदी विहिरींच्या स्थानासह एकत्र मांडण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे. ‘किती’ या प्रश्नासाठी जमवलेली ही सामग्री ‘कसे’ या प्रश्नाच्या उत्तरासही उपयोगी पडेल. मात्र तो प्रश्न पाण्याला वास येण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.