पुसून केलेला कायदा

अमुक कायदा रद्द झाला, असें आपण सहज म्हणतों. 'रद्द' हा शब्द आपल्याकडे अरबींतून आला. परत फिरविणें, नाकारणें हा त्याचा मूळ भाव. इंग्रजींत याच अर्थीं 'अ‍ॅब्रोगेट' हें भारदस्त क्रियापद योजितात. त्याच्या पोटीं मात्र निराळाच इतिहास आहे.

लॅटिनमध्यें 'रोगारे' म्हणजे विचारणें, पुसणें; 'अब्' म्हणजे दूर. पुसण्याचा आणि कायदा मोडण्याचा संबंध काय? तो रोमच्या नागरिकसभेंत सांपडतो. प्रजासत्ताकाच्या काळीं तेथील अधिकारी कायद्याचा मसुदा सभेपुढें मांडी आणि हें तुमच्या मनास येतें काय, असें नागरिकांस पुसे. इ. स. पूर्व १३१ पासून हीं मतें मेण लावलेल्या लहान फळ्यांवर गुप्तपणें दिलीं जाऊं लागलीं. 'पुसतां तसें होवो' या अर्थाचीं दोन अक्षरें म्हणजे होकार. 'जुनें तेंच राहो' या अर्थाचें एक अक्षर म्हणजे नकार. असा पुसून केलेला कायदा पुन्हां पुसूनच मागें घ्यावयाचा, हें 'अब्रोगारे'. त्यांतील कांहीं भागच काढला तर 'देरोगारे', असा भेद रोमन विधिज्ञ मोदेस्तिनस यानें सांगितला आहे.

परंतु ज्यांना कोणी पुसतच नाहीं, त्यांनीं काय करावें? इ. स. पूर्व २१५ मध्यें, हॅनिबलशीं युद्ध चालू असतां, ओप्पियस नांवाच्या ट्रिब्यूननें एक कायदा करविला. कोणाहि स्त्रीनें अर्ध्या औंसाहून, म्हणजे आपल्या तोळ्याहून किंचित् अधिक वजनापलीकडे, सोनें बाळगूं नये. रंगीबेरंगी वस्त्र नेसूं नये. धर्मकृत्यावांचून शहरांत गाडींत बसूं नये. युद्ध संपलें तरी कायदा राहिला. इ. स. पूर्व १९५ मध्यें तो काढून टाकण्याचा प्रस्ताव आला, तेव्हां कॉन्सल केटो यानें कडाडून विरोध केला. स्त्रियांस मत नव्हतें. म्हणून त्यांनीं फोरमकडे जाणारे रस्ते अडविले, आणि विरोधी ट्रिब्यूनांच्या दारांशीं ठाण मांडलें. त्या ट्रिब्यूनांनीं माघार घेतली व कायदा गेला. लिव्हीनें हा प्रसंग सविस्तर वर्णिला आहे.

ही रीत इटलींत पुन्हां उगवली. १९४८ च्या राज्यघटनेच्या ७५ व्या कलमानें पांच लक्ष मतदारांस, चालू कायदा काढावा काय, असें सर्व राष्ट्रास पुसण्याची मागणी करतां येते. १९७४ मध्यें घटस्फोटाच्या कायद्याविषयीं असें पुसलें गेलें. शेंकडा सुमारें ५९ मतें कायदा ठेवण्याच्या बाजूनें पडलीं. या वेळीं स्त्रियांसहि पुसलें होतें. त्यांस मताधिकार १९४६ पूर्वींच मिळाला होता.

आपल्या मराठींत 'पुसणें' म्हणजे विचारणें, आणि 'पुसणें' म्हणजे मिटविणेंहि. उच्चार एक, शब्द दोन. हा केवळ योगायोग. पण रोमन मनुष्यास तो फार आवडला असता. लिहिलेलें पुसण्यापूर्वीं लोकांस पुसावें, एवढेंच तर त्याचें क्रियापद सांगतें.